खुर्चीपासून सुरुवात: वजन जास्त आणि व्यायामाची सवय नसलेल्या बायकांसाठी ताकदीचे पहिले बारा आठवडे

माझ्या वर्गात नव्याने येणाऱ्या बऱ्याच जणी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात. "मागे एकदा सुरू केलं होतं हो, पण दुसऱ्या दिवशी अंग असं धरलं की जिना उतरता येईना. मग राहिलं ते राहिलंच." विचारलं की कळतं, मोबाइलवर बघून पहिल्याच दिवशी पन्नास बैठका काढल्या होत्या. काहीजणी याच्या अगदी उलट करतात. दोन वर्षं एक-एक किलोचे तेच डंबेल हलवतात, घाम येतो, ताकद मात्र तिथेच थांबलेली असते.

पहिल्या चुकीत सुरुवात फार जड असते आणि दुसरीत वाढ होतच नाही. दोन्हींवर इलाज एकच आहे. आज शरीराला काय जमतं ते मोजायचं, त्याहून थोडं कमी घेऊन सुरू करायचं आणि वहीत लिहून एकेक पायरी वाढवायची. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन टप्पे गाळून थेट व्यायामावर उडी मारणाऱ्याच पुन्हा अंग धरून बसतात.

## टप्पा १: डॉक्टरांकडे कोणी जायचं, आणि काय विचारायचं

वजन जास्त आहे एवढ्याच कारणाने परवानगीची गरज नसते. पण खालीलपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना भेटा: बीपीची किंवा मधुमेहाची औषधं सुरू आहेत, हृदयाचा त्रास आहे किंवा होता, चालताना छातीत भरून येतं, चक्कर येऊन पडल्या आहात, हर्निया आहे, गरोदर आहात, बाळंतपण किंवा पोटाचं ऑपरेशन अलीकडे झालं आहे.

"व्यायाम करू का?" असं मोघम विचारलं की "करा, चाला थोडं" असं मोघम उत्तर मिळतं. म्हणून नेमकं विचारा:

- माझं बीपी सध्या वजन उचलण्याइतकं आटोक्यात आहे का? (१८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नाहीच.)
- माझ्या मधुमेहाच्या औषधाने व्यायामात साखर एकदम खाली जाऊ शकते का? इन्सुलिन आणि काही गोळ्यांमुळे जाते.
- बीपीच्या माझ्या गोळीमुळे व्यायाम करतानाही नाडीचा वेग दबलेलाच राहतो का? तसं असेल तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबता येत नाही, दम किती लागतो त्यावरून ठरवावं लागतं.

आणखी एक तपासणी मी आग्रहाने करायला सांगते, ती म्हणजे हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. शरीर जाड आहे म्हणजे रक्त भरपूर असेल, हा समज घराघरात आहे आणि तो चुकीचा आहे. जिना चढताना धाप लागते ती वजनामुळेच, असं स्वतःला बोल लावत राहता आणि खरं कारण रक्तात असतं. सोबत थायरॉइडही तपासून घ्या.

थांबा आणि तपासा: हिमोग्लोबिन फार कमी आलं तर आधी उपचार सुरू करा. तोवर खुर्चीवरचे हलके प्रकार चालतील का, ते डॉक्टर सांगतील.

## टप्पा २: जागा, कपडे, सामान

जागा सतरंजीएवढी पुरते. खुर्ची मात्र नीट निवडा. हातांच्या प्लास्टिकच्या खुर्चीचे मागचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात किंवा सरकतात. जेवणाच्या टेबलाची लाकडी नाहीतर लोखंडी खुर्ची घ्या आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हातांनी मागे ढकलून बघा. हलली नाही तरच वापरा.

कपड्यांचं बोलायला बायका लाजतात, आणि व्यायाम सुटण्याचं ते एक मोठं कारण आहे. मांडीला मांडी घासून कातडी सोलवटते. त्यासाठी गुडघ्यापर्यंतची सुती लेगिंग आत घाला किंवा घासणाऱ्या जागी आधी थोडं व्हॅसलीन लावा. छातीला घट्ट आधार देणारी ब्रा हवीच, नाहीतर मान आणि खांदे दुखतात. साडी नेसून करायचं असेल तर घोट्याच्या वर खोचून घ्या. ओढणी काढून ठेवा. स्लिपर नको. अनवाणी किंवा सपाट तळव्याचे बूट चालतील. मधुमेहामुळे पावलांना मुंग्या येत असतील तर बूट घालूनच करा, आणि नंतर तळवे डोळ्यांनी बघा.

सामान घरातच आहे. एक लिटरची बाटली पाण्याने भरली की बाटलीसकट किलोभर होते, आणि पाच लिटरचा कॅन साधारण पाच किलो. भक्कम कापडी पिशवीत डाळीचे एक-एक किलोचे पुडे ठेवले की वजन हवं तसं वाढवता-कमी करता येतं. फरशी पुसायच्या मॉपचा लांब दांडा काढून ठेवा. चादरी किंवा गोधड्या दोन-तीन लागतील. आणि एक वही, जिच्यात किराणा आणि दुधाचा हिशोब नसेल अशी.

पोटाला बांधायचा घामाचा पट्टा घेऊ नका. घामातून पाणी जातं, ते दोन ग्लास पाण्याने परत येतं. पट्ट्याने श्वास मात्र अडतो.

## टप्पा ३: पहिला दिवस फक्त मोजण्याचा

या दिवशी व्यायाम करायचा नाही. चार मोजमापं घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहा.

१. खुर्ची: हात छातीवर आडवे धरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभ्या राहून परत बसता? हात टेकवल्याशिवाय उठताच येत नसेल तर "हात टेकवून" असं लिहून मोजा.

२. जिना: एक मजला चढून वर गेल्यावर पूर्ण वाक्य बोलता येतं का? हो, अडखळत, नाही, यांपैकी एक.

३. कंबर: बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून झाल्यावर, टेप न आवळता. भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या वर धोका वाढतो असं धरतात. आकडा बघून खचू नका, तो फक्त नोंदवायचा आहे.

४. मन आणि झोप: गेल्या आठवड्यात किती रात्री नीट झोप लागली? आणि सकाळी उठताना बहुतेक दिवशी कसं वाटलं? दहापैकी गुण द्या.

काट्यावरचं वजन नोंदवायचं असेल तर आज एकदा, मग महिन्यातून एकदाच. रोज काट्यावर उभं राहण्याने आजवर माझ्या वर्गातल्या कोणाचंच भलं झालेलं मी पाहिलं नाही. पाळीच्या आधी पाणी साठून वजन किलो-दीड किलो सहज वर जातं आणि चांगल्या चाललेल्या व्यायामावरचं मन उडतं.

## टप्पा ४: सहा हालचाली, आणि त्या कुठे चुकतात

आधी पाच मिनिटं घरातल्या घरात चाला, खांदे फिरवा, गुडघे थोडे उचला. मग खालच्या क्रमानेच करा. मोठ्या स्नायूंची कामं अंगात जोर असताना आधी, पिशव्या घेऊन चालणं नंतर, कारण पकड थकली की बाकीचं नीट होत नाही. आणि पाठीवर झोपून करायचं ते सगळ्यात शेवटी.

सगळ्यांना लागू असलेला एक नियम: जोर लावताना श्वास सोडायचा. उठताना, ढकलताना, ओढताना तोंडाने हळू फू करा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम चढतं. लक्षात राहत नसेल तर मोठ्याने आकडे मोजा. बोलताना श्वास कोंडता येत नाही.

### ४.१ खुर्चीवरून उठणं आणि बसणं

सगळ्यात जास्त वेळ यावरच द्या. न्हाणीघर, बस, पंगत, दवाखान्याचं बाकडं, दिवसभर शरीर हेच काम करत असतं.

खुर्चीच्या पुढच्या कडेवर या. पावलं खांद्यांइतकी लांब ठेवा, हवं तर किंचित बाहेर वळवा. जड मांड्यांना जागा लागते, पावलं जोडून करायचा हट्ट नको. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे ओढून घ्या. आता पाठ न वाकवता कमरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. मगच टाचांवर भार देऊन, श्वास सोडत उठा.

बहुतेकींचं इथेच बिनसतं. "पाठ ताठ ठेवा" एवढंच ऐकलेलं असतं म्हणून त्या झुकतच नाहीत. शरीराचा भार मागेच राहतो, मग उठण्यासाठी हिसका द्यावा लागतो आणि तो गुडघ्यांना बसतो. "माझ्या गुडघ्यांना बैठका चालत नाहीत" म्हणणाऱ्या कितीतरी जणींचं दुखणं नुसतं पुढे झुकायला शिकल्यावर कमी झालेलं मी पाहिलं आहे.

बसताना मनात तीन मोजत खाली या. शेवटच्या चार बोटांच्या अंतरात पाय सोडून देऊन धप्पकन बसायची सवय जवळजवळ सगळ्यांना असते. आवाज आला याचा अर्थ तेवढ्या खोलीवर मांडीत अजून ताकद नाही. मग खुर्चीची उंची वाढवायची.

वर्गात पन्नाशीच्या एक काकू होत्या, दोन्ही गुडघे करकरणारे. त्यांच्या खुर्चीवर आम्ही गोधडी चार पदरी घडी करून ठेवली. तेवढ्या उंचीवरून त्या हात न टेकवता, आवाज न करता आठ वेळा उठू-बसू शकत होत्या. दोन-तीन आठवड्यांनी एक पदर उलगडायचा, पुन्हा आठवर यायचं, बारापर्यंत जायचं. दहाव्या आठवड्यात गोधडी खुर्चीवरून उचलून त्यांनी स्वतः घडी घालून कपाटात ठेवली. दर वेळी फक्त एक पदर कमी झाला होता, म्हणून गुडघ्यांनी तक्रार केली नाही.

तपासा: उठताना गुडघे एकमेकांकडे आत वळतात का? समोर आरसा ठेवा किंवा कोणाला तरी बघायला सांगा. वळत असतील तर उंची वाढवा आणि गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने ठेवा.

### ४.२ भिंतीवरचे जोर

भिंतीपासून हातभर मागे उभ्या राहा. तळवे छातीच्या उंचीवर, खांद्यांपेक्षा थोडे रुंद. टाचांपासून डोक्यापर्यंत शरीर एका फळीसारखं ठेवून छाती भिंतीकडे न्या, मग ढकलून परत या. कोपरं काखेपासून थोडीच दूर ठेवा, काटकोनात फाकवू नका. नुसती मान पुढे जाते आणि छाती जागेवरच राहते, ही नेहमीची चूक.

बारा सहज झाले की पावलं अर्धा फूट मागे. तेही जमलं की स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कडेवर. ओटा कोरडा पुसून घ्या, हात घसरला तर हनुवटी फुटते.

### ४.३ कमरेतून वाकणं

खाली पडलेलं उचलताना पाठ गोल करून वाकायची सवय लागलेली असते. ती मोडण्यासाठी मॉपचा दांडा पाठीवर उभा धरा. तो तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन्ही पाठफळांच्या मध्ये आणि माकडहाडावर. गुडघे किंचित सैल सोडा आणि मागे भिंत आहे असं समजून बसायची जागा मागे ढकलत वाका. तीनपैकी एक टेक सुटली की तिथेच थांबायचं, ती तुमची आजची मर्यादा.

पहिले चार आठवडे फक्त दांडा. पाचव्या आठवड्यापासून दोन्ही हातांनी पिशवी धरा, आधी दोन किलोची. पिशवी मांड्यांना घासत खाली गेली पाहिजे, पुढे लोंबकळता कामा नये. भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे आतला १४.२ किलो गॅस आणि लोखंडाचं वजन मिळून तीस किलोच्या आसपासचा ऐवज, आपण घरात वाकून सरकवतो, आणि सराव मात्र कधीच केलेला नसतो. कंबर धरते ती अशा वेळी.

### ४.४ एका हाताने ओढणं

डावा हात खुर्चीच्या बैठकीवर टेका, नुकतीच शिकलात तशा कमरेतून वाका. उजव्या हातात भरलेली बाटली किंवा कॅन. कोपर मागे छताकडे नेत हात कमरेपर्यंत ओढा, क्षणभर थांबा, सावकाश सोडा. मग बाजू बदला. खांदा कानाकडे चढवू नका.

### ४.५ पिशव्या घेऊन चालणं

दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या, ताठ मान, छोटी पावलं, ३० सेकंद. भाजी आणताना जसं एका बाजूला कलून चालतो तसं इथे नको. पकड, खांदे, पोट आणि पाय सगळ्यांना यात काम मिळतं.

### ४.६ पाठीवर झोपून कंबर उचलणं

गुडघे वाकवून, पावलं जमिनीवर, श्वास सोडत कंबर वर, दोन मोजा, खाली. जमिनीवर बसणं-उठणं जमत नसेल तर सुरुवातीला कडक गादीच्या पलंगावर करा.

जमिनीवरून उठण्याची रीत आधी शिका. पाठीवरून सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, हात टेकून चार पायांवर या, खुर्ची धरा, एक पाऊल पुढे रोवा, मग उठा. हा क्रम दोन वेळा कोणी जवळ असताना करून बघा. एकटीने खाली बसल्यावर उठता आलं नाही तर मन फार घाबरतं, आणि तो धसका पुढे कितीतरी दिवस राहतो.

सूचना: जोर लावताना लघवीचे थेंब गळतात का? बाळंतपणांनंतर आणि वजन जास्त असताना हे बऱ्याच जणींना होतं, सांगत कोणीच नाही. उठण्याच्या क्षणाआधी लघवी रोखून धरल्यासारखं आतून वर ओढून घ्या आणि श्वास सोडत उठा. त्याने थांबलं नाही तर उचलायचं वजन कमी करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. यावर उपचार आहेत.

## टप्पा ५: पहिले चार आठवडे

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस रिकामा. उपवासाचा वार टाळा. साबुदाण्याची खिचडी खाऊन जोर लागत नाही आणि चक्कर येते. जेवणानंतर दीड-दोन तासांनी करा, किंवा सकाळी चहासोबत काहीतरी खाऊन.

पहिले दोन आठवडे प्रत्येक हालचालीचा एकच सेट, म्हणजे न थांबता सलग आठ वेळा. चालण्याची एकच फेरी. वीस मिनिटांत संपतं. संपल्यावर "एवढंच?" असं वाटलं पाहिजे, आणि तरी वाढवायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं बसून विश्रांती.

या महिन्यात ताकद वाढलेली जाणवते, ती बहुतांशी मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायू, आणि त्याहून सावकाश सांध्यांभोवतीचे बंध, मागून तयार होतात. चौथ्या आठवड्यात आलेल्या हुरुपावर वजन दुप्पट केलं की खांदा किंवा गुडघा धरतो, तो त्यामुळे.

वहीतलं पान असं दिसलं पाहिजे:

*मंगळवार. खुर्ची (३ पदर) ८, ८. भिंत ८, ६. दांडा ८, ८. ओढणं २ लि. ८/८. पिशव्या ३ + ३ किलो, ३० से. कंबर ८, ८. डावा गुडघा उठताना दोनदा दुखला. रात्री झोप बरी.*

तो "दोनदा दुखला" फार कामाचा आहे. पुढच्या मंगळवारी तो एकदाच दुखला की तुम्हाला कळतं, आणि चारदा दुखला तरी कळतं.

## टप्पा ६: वाढवायचं कसं

पाचव्या आठवड्यापासून झेपत असेल तर तीन दिवस करा. दोनही पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सगळ्या मोठ्या स्नायूंसाठी आठवड्यातून किमान दोन दिवसांची आहे. चालणं त्याशिवायचं, आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत हळूहळू न्यायचं.

वाढीचा क्रम ठरलेला आहे:

१. आधी आकडा वाढवा: आठवरून बारा.

२. दोन सेट बारा-बारा, लागोपाठच्या दोन व्यायामाच्या वारी, हालचाल न बिघडवता झाले की मगच वजन वाढवा. हातांच्या व्यायामात अर्धा किलो, पायांच्या आणि पिशव्यांच्या व्यायामात एक किलो.

३. वजन वाढवलं की आकडा परत आठवर आणा.

४. एका दिवशी एकाच व्यायामात बदल.

पुरेसं जड आहे की नाही हे कसं ओळखायचं? सेट संपल्यावर स्वतःला विचारा, आणखी किती नीट झाले असते? पहिल्या महिन्यात उत्तर "चार-पाच" हवं. नंतर "दोन-तीन". "दहा तरी झाले असते" असं असेल तर व्यायाम हलका आहे, आणि दोन वर्षं त्याच डंबेलवर अडकण्याची सुरुवात इथेच होते. "एकही नाही" असं असेल तर आज जास्त झालं.

वजन उचलून अंग पुरुषी होईल ही भीती मनातून काढून टाका. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या कितीतरी पट कमी असतं. आठवड्यातून दोन-तीनदा केलेल्या या व्यायामाने दंड फुगत नाहीत. आणि नुसत्या पोटाच्या व्यायामाने पोट उतरत नाही. चरबी कुठली आधी जाणार ते शरीर ठरवतं.

## टप्पा ७: आंबणं आणि दुखापत

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच जड, दाबल्या की दुखणाऱ्या, हालचाल केली की मोकळ्या होणाऱ्या: हे अंग आंबणं. चार-पाच दिवसांत जातं. हळू चाला, कोमट पाण्याने आंघोळ करा. अंग आंबलं नाही म्हणजे व्यायाम वाया गेला, असं मात्र नाही.

सांध्यात, एकाच बाजूला, टोचल्यासारखी कळ, सूज, किंवा रात्री झोपमोड करणारं दुखणं: ती दुखापत. तो व्यायाम थांबवा, बाकीचे चालू ठेवा, आठवड्यात उतरलं नाही तर दाखवा.

ताबडतोब थांबून दवाखान्यात जा: छातीत दाब, दुखणं जबड्यात किंवा हातात जाणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, थंड घाम, मळमळ, डोळ्यांसमोर अंधारी. तसंच व्यायामानंतर स्नायू फार सुजून लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी. मधुमेह असणाऱ्यांनी गूळ किंवा साखर जवळ ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, की आधी ती खायची आणि मग साखर तपासायची.

## टप्पा ८: ताट

व्यायाम आणि कडक डाएट एकाच सोमवारी सुरू करू नका. उपाशी शरीर स्नायू बांधत नाही, आणि चिडचिड झाली की दोन्ही सुटतात. पहिले चार आठवडे एकच बदल करा: प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक ठळक पदार्थ.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. उंचीला साजेसं वजन ६० किलो धरलं तर सुमारे ५० ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करताना ६०-७० ग्रॅमपर्यंत गेलेलं बरं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ आमटी, रात्री खिचडी, यात तेवढी होत नाहीत. घट्ट वरणाची किंवा मटकीच्या उसळीची वाटी सहा-सात ग्रॅम देते. एक अंडं सहा, ग्लासभर दूध सहा, ५० ग्रॅम पनीर नऊ, ३० ग्रॅम सुके सोयाबीनचे वडे पंधराच्या आसपास. शंभर ग्रॅम बांगडा किंवा चिकन वीसच्या घरात. आमटी घट्ट करणं, पोह्यांबरोबर अंडं किंवा वाटीभर दही घेणं, एवढ्यानेही फरक पडतो. घरातल्या सगळ्यांना वाढून उरलेलं खायचं, यात अंडं आणि वरण आधीच संपलेलं असतं. तुमची वाटी आधी बाजूला काढून ठेवा.

## टप्पा ९: मन, खंड आणि घर

ताकद दिसायला वेळ लागतो, मनावरचा परिणाम त्याची वाट बघत नाही. २०१८ साली ३३ चाचण्या एकत्र करून केलेल्या अभ्यासात ताकदीच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली, आणि ज्यांची ताकद फारशी वाढली नव्हती त्यांच्यातही दिसली. म्हणून वहीत झोप आणि मनाचे गुण लिहायला चुकू नका. काटा हलत नाही अशा आठवड्यात तेच दोन आकडे तुम्हाला धरून ठेवतात. पण दोन-तीन आठवडे सतत उदास वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर व्यायामावर थांबू नका. डॉक्टरांशी बोला, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

खंड पडणारच. गणपतीत पाहुणे, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणं. एक आठवडा सुटला तर जिथे थांबलात तिथून, पण एक सेट कमी करून. दोन-तीन आठवडे सुटले तर वजन अर्ध्यावर आणा. महिन्याच्या वर गेलं तर टप्पा ५ पासून. सुटलेले दिवस भरून काढायला एका दिवसात दुप्पट करू नका.

पाळीत करायचं की नाही? त्रास नसेल तर खुशाल करा. रक्तस्राव जास्त असेल, पोटात कळा असतील, तर फक्त चाला.

घरच्यांना वार आणि वेळ आधीच सांगून ठेवा: "मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाच ते सहा मला हाक मारू नका." "बघते, जमलं तर" असं स्वतःशी ठरवलेली वेळ कुकरच्या पहिल्या शिट्टीला जाते.

## टप्पा १०: बाराव्या आठवड्यात पुन्हा मोजा

त्याच खुर्चीवर, त्याच जिन्यावर, तोच टेप घेऊन. गोधडी आता किती पदरी उरली तेही लिहा.

खुर्चीचा आकडा वाढला, जिन्यावर वाक्य बोलता आलं, पण काटा जागेवरच आहे: व्यायाम बरोबर चालला आहे, आता जेवणाकडे बघा. कंबर कमी झाली आणि वजन तेच: चांगलं आहे, काहीही बदलू नका. काहीच बदललं नाही: वही उलटून पाहा. बहुतेक वेळा एकतर वार सुटलेले असतात, नाहीतर सहाव्या आठवड्यापासून प्रत्येक पानावर तेच वजन आणि तोच आकडा असतो. तिथून टप्पा ६ पुन्हा सुरू करा. वार सुटले नाहीत, वजनही वाढत गेलं, तरी थकवा तसाच असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड परत तपासा.

गोधडी निघाली असेल तर खुर्चीवर बसता-उठताना छातीशी दोन किलोची पिशवी धरा. बाटल्या हलक्या पडत असतील तर तीन आणि पाच किलोच्या डंबेलची एकेक जोडी घ्या. एक-एक किलोची घेऊ नका, ती पंधरा दिवसांत पडून राहते. दुकानात विकत घेण्याआधी उचलून बघा: एका हाताने ओढायचा व्यायाम तीन किलोने आठ वेळा झाला पाहिजे, आणि आठव्यानंतर आणखी दोन होतील असं वाटलं पाहिजे.